उशाशी पिस्तूल, पलीकडच्या खोलीत मुलगा

"ताई, नमस्कार. आम्ही डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहतो. गेल्या वर्षी आमचं ग्रीन कार्ड झालं. दिवाळीच्या आठवड्यात मागच्या गल्लीतल्या एका तेलुगू कुटुंबाकडे घरफोडी झाली. सगळे देवळात गेले होते. चोर मागचं काचेचं दार फोडून शिरले आणि घरच्या बाईचं माहेरचं-सासरचं सगळं सोनं गेलं. तेव्हापासून ह्यांनी पिस्तुलाचा ध्यास घेतलाय. ऑफिसातल्या मित्रांबरोबर शूटिंग रेंजवर जाऊन आले, नाइन एमएमचं कुठलंसं मॉडेलही पसंत केलं. रात्री उशाशी ठेवणार म्हणतात. मी नको म्हटलं की म्हणतात, तू बातम्या बघून घाबरतेस, इथे तो घटनेनं दिलेला हक्क आहे, आणि पोलीस येईपर्यंत काय हात जोडून बसायचं? सासरे कुडाळकडचे. त्यांच्या घरी शेतसंरक्षणाची बंदूक होती. व्हिडिओ कॉलवर तेही म्हणाले, आमच्याकडे जन्मभर बंदूक भिंतीला होती, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मार्चमध्ये सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येतायत, म्हणजे माझ्या विरोधात आणखी दोन मतं. थोरली कॉलेजला बाहेरगावी आहे, धाकटा पंधरा वर्षांचा. तो हल्ली खोलीबाहेर फारसा येत नाही, टेनिसही सोडलं, पण ते वयच तसं. मी खरंच भित्री आहे का? आणि भांडण न होता नाही कसं म्हणू?" – टेक्सासहून एक वाचक (नाव छापू नये)

तुम्ही भित्र्या नाही. पण तुमचे मिस्टरही उगाच काहीतरी डोक्यात घेऊन बसलेले नाहीत. भारतीय घरांत सोनं असतं हे अमेरिकेतल्या चोरांना चांगलं ठाऊक आहे. टेक्सास, जॉर्जिया, न्यू जर्सी, मिशिगन अशा कितीतरी राज्यांत फिरून भारतीय आणि इतर आशियाई कुटुंबांची घरं हेरणारी, घरात माणसं असताना शस्त्रं घेऊन घुसणारी एक टोळी होती. तिच्या सूत्रधार बाईला २०१९ साली मिशिगनच्या फेडरल कोर्टानं ३७ वर्षांची शिक्षा दिली. तेव्हा ह्यांची भीती टीव्हीनं घातलेली नाही आणि तुम्ही त्यांना तसं म्हणूही नका. मागच्या गल्लीतलं दार फुटलं की माणूस रात्री दोनदा उठून आपलं दार बघतोच.

पण त्या तेलुगू कुटुंबाच्या घरी नेमकं काय झालं, ते पुन्हा वाचा. सगळे देवळात होते. अमेरिकेतल्या बहुतेक घरफोड्या घरात कुणी नसतानाच होतात. सरकारी पाहणीत घरचं माणूस आत असताना झालेल्या घरफोड्या चारांत एकच्या आसपास निघाल्या होत्या. त्या दिवशी त्यांच्या उशाशी पिस्तूल असतं, तर सोन्याबरोबर तेही गेलं असतं. हे कल्पनेतलं नाही. २०१७ ते २०२१ या पाच वर्षांत अमेरिकेत खासगी लोकांच्या दहा लाखांहून जास्त बंदुका चोरीला गेल्याची नोंद आहे. चोराला सोन्यापेक्षा पिस्तूल खपवणं सोपं, आणि पुढे ते कुणाच्या हाती लागेल याचा नेम नाही.

म्हणजे चोरीचा जो प्रसंग ह्यांच्या मनात घर करून बसलाय, त्यावर पिस्तूल हा उतारा नाही. त्यावर उतारे आहेत, ते कंटाळवाणे आहेत आणि त्यांनी कुणाची छाती फुगत नाही. सोनं बँकेच्या लॉकरमध्ये टाका. घराच्या विम्याची पॉलिसी काढून बघा. बहुतेक पॉलिसींत दागिन्यांच्या चोरीची भरपाई हजार-दीड हजार डॉलरच्या आसपास थांबते, वरच्यासाठी दागिने वेगळे नोंदवून जादा हप्ता भरावा लागतो. आपल्या निम्म्या लोकांना हे चोरी झाल्यावर कळतं. दाराच्या कडीची पट्टी ज्या चौकटीला ठोकलेली असते तिथले स्क्रू बहुधा इंचभराचेच असतात. ते काढून तीन-तीन इंची लावा, लाथेनं उघडणारं दार उघडेनासं होतं. काचेच्या सरकत्या दाराच्या खाचेत लाकडी दांडा आणि काचेला फिल्म. मागच्या अंगणात हालचालीनं लागणारा दिवा. आणि दिवाळीचे नटूनथटून काढलेले फोटो मंडळाच्या कार्यक्रमातून तिथल्या तिथे फेसबुकवर टाकू नका. घरी कुणी नाही आणि अंगावर काय काय आहे, दोन्ही खबरा एका फोटोत जातात.

आता हक्काचं. मिस्टर चुकीचं बोलत नाहीत. अमेरिकेच्या घटनेतली दुसरी दुरुस्ती १७९१ सालची. सत्तावीस शब्दांचं एकच वाक्य, त्यात नागरिकांची सशस्त्र पथकंही आहेत आणि शस्त्र बाळगण्याचा लोकांचा हक्कही आहे. यातला हक्क पथकाचा की एकट्या माणसाचा, यावर दोनशे वर्षं वाद झाला. २००८ साली हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवण्याचा हक्क व्यक्तीचा आहे. त्याच निकालात हा हक्क अमर्याद नाही असंही लिहिलंय. २०२२ च्या ब्रुएन निकालानं हक्काची बाजू आणखी वजनदार केली. २०२४ मध्ये रहीमी खटल्यात त्याच न्यायालयानं आठ विरुद्ध एक मतांनी ठरवलं की घरातल्या माणसाला धोका असल्याबद्दल ज्याच्यावर कोर्टाचा मनाई हुकूम आहे त्याच्याकडून बंदूक काढून घेता येते. तो रहीमी तुमच्याच डॅलस-फोर्ट वर्थ भागातला. टेक्सासनं तर १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याशिवाय पिस्तूल घेऊन हिंडायची मुभा दिलीय. दवाखान्याच्या नाहीतर दुकानाच्या दारावर ३०.०६ आणि ३०.०७ असे आकडे घातलेल्या इंग्रजी-स्पॅनिश पाट्या तुम्ही पाहिल्या असतील. 'आमच्याकडे शस्त्र आणू नका' हे सांगायला तिथे दंडसंहितेच्या कलमासकट पाटी लावावी लागते नाहीतर तोंडी बजावावं लागतं, काहीच सांगितलं नाही तर बहुतेक ठिकाणी आणलेलं चालतं. भारतात अगदी उलटं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात परवाना ही सरकारची मर्जी, द्यायचा का ते पोलीस आयुक्त नाहीतर जिल्हाधिकारी ठरवणार. आपण त्या मुलुखातून या मुलुखात आलो की दुकानात अर्ध्या तासात हातात पडणारं पिस्तूल बघून कुणाचे डोळे विस्फारतात, कुणाचे चकाकतात.

(एक गोष्ट इतर वाचकांसाठी मध्येच सांगते, कारण यावर मला पत्रं येतात. एच-वन-बी, एच-फोर, विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसावर असलेल्यांना फेडरल कायद्यानं बंदूकच नव्हे, काडतूससुद्धा बाळगायला मनाई आहे. राज्याचा चालू शिकार परवाना असेल तर सूट मिळते आणि ही पळवाट मित्रमंडळी चहा पिता पिता सांगत असतात. तो परवाना संपल्याचं तुमच्या लक्षात आलं नाही, की त्या दिवसापासून तो फेडरल गुन्हा. शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत, शिवाय देशाबाहेर काढायला ते कारण पुरतं. ग्रीन कार्डासाठी दहा-दहा वर्षं रांगेत उभं राहणाऱ्यांनी या वाटेला जाऊच नये.)

तुमचं ग्रीन कार्ड झालंय, तेव्हा ह्यांना हक्क आहे. पुढचा वाद मात्र मला वाटतं तुम्ही दोघं चुकीच्या जागी घालताय. जेवणाच्या टेबलावर तुम्ही अमेरिकेचा प्रश्न सोडवायला निघालात, आणि तो तिथल्या लोकांनाही सुटलेला नाही. कारण एकाच घटनेतून दोन्ही बाजूंना आपापला पुरावा मिळतो. २४ मे २०२२ ला तुमच्याच राज्यात युव्हाल्डीच्या शाळेत एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. पावणेचारशेच्या घरात पोलीस जमले आणि सत्त्याहत्तर मिनिटं कुणी वर्गात शिरलं नाही. एक बाजू म्हणते, बघा, पोलिसांवर विसंबायचं नाही, स्वतःचं शस्त्र हवंच. दुसरी म्हणते, बघा, अठरा वर्षांच्या पोराला एआर-१५ धर्तीची रायफल रीतसर विकत मिळाली. दोन्ही वाक्यं खरी आहेत. सदरलंड स्प्रिंग्जच्या चर्चमध्ये ५ नोव्हेंबर २०१७ ला सव्वीस बळी घेऊन बाहेर पडलेल्या मारेकऱ्याला शेजारच्या घरातून स्वतःची रायफल घेऊन अनवाणी धावत आलेल्या माणसानं गोळ्या घातल्या. ते खोटं कसं म्हणायचं? पश्चिम टेक्सासात शेरीफची गाडी यायला अर्धा-अर्धा तास लागतो, तिथल्या माणसाला 'पोलिसांना फोन कर' म्हणणं ही थट्टा आहे. आणि ६ मे २०२३ ला ॲलनच्या आउटलेट मॉलमध्ये आठ जण गेले, त्यात आपल्याकडची एक तरुण इंजिनिअर मुलगी होती. तुमच्यापैकी कितीतरी जणींनी त्या मॉलमध्ये खरेदी केली असेल. पिस्तूल बाळगणाऱ्यांची काही कमी नसलेल्या भागातला मॉल तो.

स्वसंरक्षणासाठी वर्षाला किती वेळा बंदूक वापरली जाते, या साध्या प्रश्नावरसुद्धा आकडे साठ-सत्तर हजारांपासून पंचवीस लाखांपर्यंत आहेत. पहिला सरकारी गुन्हेपाहणीतला, दुसरा नव्वदच्या दशकातल्या एका टेलिफोन पाहणीतला. ज्याला जो सोयीचा तो तो उचलतो. माझं मत विचाराल तर खासगी विक्रीलाही पार्श्वभूमी तपासणी हवी, टेक्सासात ती नाही. आणि बंदूक कुलूपबंद ठेवण्याचा कायदा कडक हवा. हे मत मी लपवत नाही. पण ते मतपेटीत टाकायचं. तुमच्या घरापुरता प्रश्न वेगळा आहे: त्या घरात कोण कोण राहतं?

म्हणून सासऱ्यांच्या बंदुकीकडे येते, कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात वजनदार युक्तिवाद तोच आहे आणि तो तुम्ही नुसता 'विरोधी मत' म्हणून बाजूला सारलात. कुडाळ-सावंतवाडीकडे माकडं नारळाचा आणि केळीचा फडशा पाडतात, रानडुकरं भात लोळवतात, म्हणून शेतसंरक्षणाचे परवाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. यातल्या पुष्कळ बंदुका ठासणीच्या. नळीत वरून दारू ओतायची, चिंध्या नाहीतर काथ्याचा बोळा, गजानं ठासायचं, मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा गज, मग खाली केप (ठिणगी पाडणारी टोपी) बसवायची, तेव्हा कुठे एक बार. तो फुकट गेला की पहिल्यापासून सुरुवात. माणूस पटाईत असला तरी मिनिटभर मोडतंच. पावसाळ्यात दारू सर्दावली तर बार निघतही नाही. वर निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा, परवान्याचं नूतनीकरण, ठाणेदाराचं तोंड. सासरे खरंच सांगतायत, त्या बंदुकीनं कुणाला खरचटलं नाही. पण त्याचं श्रेय घरातल्या शहाणपणाइतकंच त्या एका मिनिटालाही आहे. रागाच्या भरात, दुःखाच्या भरात, झोपेच्या गुंगीत कुणी गज ठासत बसत नाही. ह्यांनी पसंत केलेल्या पिस्तुलात ते मिनिट काढून टाकलेलं आहे. तेच विकतात ते लोक. मॅगझिन भरून, पहिली गोळी नळीत ठेवून उशाशी ठेवलं की बोट आणि गोळी यांच्यात एका सेकंदाहून कमी अंतर उरतं. सासऱ्यांना हे समजावून सांगा. बंदूक हाताळलेला माणूस आहे तो, तुमच्या आधी त्यांना पटेल. विरोधी मत म्हणून मोजताय, ते तुमच्या बाजूला येऊ शकेल.

आता तुमच्या पत्रातलं जे वाक्य मी तीनदा वाचलं, ते. "तो हल्ली खोलीबाहेर फारसा येत नाही, टेनिसही सोडलं, पण ते वयच तसं."

असेलही वयच तसं. बहुतेक वेळा असतं. पण तुम्ही चोराबद्दल अर्धं पान लिहिलंत आणि मुलाबद्दल एक ओळ, आणि मला वाटतं तीच ओळ लिहायला तुम्ही बसला होतात.

अमेरिकेत बंदुकीनं मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोक दुसऱ्याच्या गोळीनं मरत नाहीत. २०२३ साली बंदुकीनं झालेले मृत्यू ४६,७२८, त्यातल्या सुमारे २७,३०० आत्महत्या. खून १७,९२७. मॉलमधले, शाळांमधले हल्ले बातम्यांत दिसतात, ते या खुनांतला अगदी लहान भाग. आत्महत्या बातमीत येत नाहीत, आपल्या समाजात तर 'अचानक गेला' एवढ्यावरच विषय मिटवतात. २०२० पासून एक ते एकोणीस वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक झालंय, रस्त्यावरचे अपघात मागे पडले.

आणि इथे पुन्हा ते मिनिट येतं. तुमच्या राज्यातल्या ह्यूस्टनमध्ये आत्महत्येच्या गंभीर प्रयत्नातून वाचलेल्या १३ ते ३४ वयाच्या लोकांना संशोधकांनी विचारलं होतं की ठरवल्यापासून कृतीपर्यंत किती वेळ गेला. जवळजवळ चौथ्या हिश्शानं सांगितलं, पाच मिनिटांहून कमी. २००१ साली हे छापून आलं. वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढेही जगतात, पुन्हा तिकडे वळत नाहीत, हे इतर पाहण्यांत दिसलंय. पण वाचण्याची संधी साधनावर अवलंबून असते आणि बंदूक ती संधी देत नाही, दहातले जवळजवळ नऊ जण जातात. म्हणजे वाईट पाच मिनिटं सरेपर्यंत हाताशी काय होतं, एवढ्यावर सगळं येऊन ठेपतं. ही पाच मिनिटं कुठल्याही घरात येऊ शकतात. गणितात कमी मार्क, कुणीतरी ग्रुपवर केलेली टिंगल, मोडलेलं पहिलं प्रेम, बापाशी झालेली वादावादी. तुमच्या मुलाच्या मनात तसं काही आहे असं मी म्हणत नाही. तुम्हाला माहीत नाही, एवढंच म्हणते. आणि जोवर माहीत नाही तोवर घरात पिस्तूल येऊ द्यायचं नाही.

'त्याला कुठे ठेवलंय ते कळणारच नाही' असं मिस्टर म्हणतील. अलाबामातल्या एका दवाखान्यात आलेल्या बंदूकवाल्या घरांतल्या आईबापांना आणि मुलांना वेगवेगळं बसवून विचारलं गेलं. मुलांना जागा माहीत नाही असं छातीठोक सांगणाऱ्या दहांपैकी जवळजवळ चौघांच्या मुलांनी जागा बरोबर सांगितली. दिवाळीचा फराळ कुठल्या डब्यात लपवलाय हे ज्या घरात पोरांना दोन दिवसांत कळतं, त्या घरात पिस्तूल लपून राहील या भ्रमात राहू नका. टेक्सासच्या कायद्यातही सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल अशी भरलेली बंदूक ठेवणं हा मोठ्या माणसाचा गुन्हा आहे, आणि मुलाच्या हातून गोळी सुटून कुणी मेलं किंवा गंभीर जखमी झालं तर वर्षभरापर्यंत तुरुंग. मिशिगनमध्ये ऑक्सफर्डच्या शाळेत गोळीबार केलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या आई आणि बाप दोघांनाही २०२४ मध्ये प्रत्येकी दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. पिस्तूल बापानं घेऊन दिलं होतं, मुलाची तब्येत ठीक नाही हे दिसत असून.

मार्चचंही सांगते. सासू-सासरे आले की पहिला आठवडा जेट लॅगचा. सासरे रात्री अडीचला टक्क जागे. कुणाची झोप मोडू नये म्हणून दिवा न लावता, भिंत चाचपत स्वयंपाकघरात जाणार, चहाचं आधण ठेवणार, मग उजाडलंय का बघायला मागचं काचेचं दार सरकवणार. अलार्म असेल तर तो बोंबलणार. वरच्या मजल्यावर चोराच्या धास्तीनं आधीच अर्धवट झोपलेला तुमचा नवरा दचकून उठणार, चष्मा सापडत नाही, आणि उशाशी हात जाणार. यापुढचं मी लिहीत नाही. अशा बातम्या दरवर्षी येतात, रात्री उशिरा घरी आलेल्या मुलीच्या, अंधारात उठलेल्या बायकोच्या. कॅलिफोर्नियातल्या लाखो लोकांची वर्षानुवर्षांची नोंद तपासणाऱ्या अभ्यासात दिसलं की स्वतःकडे बंदूक नाही पण घरातल्या दुसऱ्या माणसाकडे पिस्तूल आहे, अशांचा खून होण्याचं प्रमाण बंदूक नसलेल्या घरांतल्या लोकांच्या दुपटीहून जास्त होतं. २०२२ साली तो छापून आला. पिस्तूल घरात आलं की पहिली जोखीम त्याच घरात झोपलेल्या माणसांची.

मग ह्यांना सांगायचं कसं? 'कधीच नाही' म्हणू नका. तो शब्द आला की चर्चा पिस्तुलाची राहत नाही, घरात कुणाचं चालतं याची होते. 'आत्ता नाही' म्हणा आणि मुलाचं नाव घेऊन म्हणा. काहीसं असं: "तुझी काळजी मला कळते, मलाही त्या रात्रीनंतर झोप लागत नाही. पण अनय/ओंकार/जे काय नाव असेल त्याचं काय चाललंय ते मला कळत नाहीये, आणि ते कळेपर्यंत मला घरात पिस्तूल नको. आपण या शनिवारी दारं आणि लॉकरचं उरकून टाकू." आकड्यांची फाईल पुढे करू नका. इंजिनिअर माणूस आकड्यांतल्या चुका काढत बसेल आणि मुलाचा विषय राहून जाईल. त्याला करायला काम द्या. त्याला कुटुंबाचं रक्षण करायचंय, तर ड्रिल मशीन हातात द्या आणि तीन इंची स्क्रू आणायला पाठवा. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. आपण काहीच करत नाही, हेच त्याला सहन होत नाहीये.

रेंजवर जाणं आवडत असेल तर जाऊ दे. नेमबाजी हा खेळ आहे, चांगला खेळ आहे, कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ आणलं तेव्हा आपण सगळे नाचलो होतो. बहुतेक रेंजवर पिस्तूल भाड्यानं मिळतं, ते घरी आणावं लागत नाही.

आणि समजा त्यानं आधीच विकत घेतलं असेल, किंवा तुमचं न ऐकता घेतलं, तर नाटक न करता या गोष्टींवर अडून बसा. पिस्तूल रिकामं, लोखंडी तिजोरीत, जमिनीला किंवा भिंतीला बोल्ट मारून. गोळ्या दुसऱ्या कुलपात. आकडी कुलपाचा नंबर कुणाचा वाढदिवस नको, मुलाला तुम्हा सगळ्यांचे पाठ आहेत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही हेच सांगते: सगळ्यात सुरक्षित म्हणजे घरात नसणं, असलंच तर रिकामं, कुलूपबंद, गोळ्या वेगळ्या. तो म्हणेल, मग वेळेला काय उपयोग? बरोबर आहे. लगेच हाताशी हवं आणि मुलाच्या हाती लागायला नको, या दोन्ही गोष्टी एका पिस्तुलाकडून पूर्ण होत नाहीत, आणि निवड तिथेच करायची असते.

मुलाशी मात्र आजच बोला, सासू-सासरे येण्याची वाट बघू नका. समोरासमोर बसवून नको, गाडीत बोला, मुलं गाडीत बोलतात कारण डोळ्यांत बघावं लागत नाही. टेनिस का सोडलं हे विचारा आणि उत्तराआधी उपदेश करू नका. मन फार खचलेलं वाटलं तर सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का. विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसतो ही समजूत खोटी आहे, उलट कुणीतरी विचारल्याचा मुलांना आधार वाटतो. शाळेचा समुपदेशक, त्याचे बालरोगतज्ज्ञ, दोघांनाही फोन करा. 'लोक काय म्हणतील' म्हणून मंडळात कुणाला सांगायचं नसेल तर नका सांगू, डॉक्टरला सांगा. आणि ९८८ हा नंबर फ्रिजवर लावा. अमेरिकेत कुठूनही, दिवसरात्र, फोन किंवा मेसेज, फुकट. मुलासाठी काय करावं हे विचारायला आईनंसुद्धा तिथे फोन केला तर चालतो.

तो ज्या मित्रांकडे राहायला जातो त्या घरांचंही विचारून घ्या. अमेरिकेतली दहातली चार मोठी माणसं बंदूक असलेल्या घरात राहतात, टेक्सासात हे प्रमाण कमी असायचं कारण नाही. संकोच वाटत असेल तर इतर चौकशीत मिसळून टाका: "त्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, तुमच्याकडे कुत्रा आहे का, आणि घरात बंदूक असेल तर ती कुलपात असते ना?" टेक्सासचे बंदूकवाले लोक या प्रश्नाला रागावत नाहीत, असं तिथल्या मैत्रिणी मला सांगतात. जबाबदार माणूस उलट उठून तिजोरी दाखवतो. जो रागावेल त्याच्याकडे तसंही मुलाला रात्री ठेवू नये.

सासूबाईंना फोनवर एवढं सांगून टाका, की येताना पाटल्या आणि मोहनमाळ कुडाळच्या बँकेतच ठेवून या, इथे मिरवायला खोटे दागिने पुरतात. नातवासाठी काजू आणि कोकमं आणलीत तर बरं होईल.